नांगर टाकण्याची वेळ

हंगाम सरत आला की कोकणातील जाणता तांडेल होडी खाडीत आणतो आणि थांबतो. अहोरात्र धडधडणाऱ्या भिवंडीसारख्या शहरांतील कुटुंबांनी या थांबण्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

मे महिन्याच्या मध्यास कोकण किनाऱ्यावरील वारा आपली चाल बदलू लागतो. हिवाळाभर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे यांचा जो नेमस्त क्रम चाललेला असतो, तो या दिवसांत विस्कळीत होतो. दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो. काही दिवसांनी वारा पडलेला असतानाही नैर्ऋत्येकडून लांब पल्ल्याच्या, संथ पण जड लाटा किनाऱ्याशी येऊ लागतात. दूर कोठेतरी दक्षिणेकडे मोसमी वाऱ्यांची जुळवाजुळव सुरू झाल्याची ती वर्दी असते. समुद्र अद्याप खुला असतो, मासळीही मिळत असते, आणि आणखी चार फेऱ्या मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अशा वेळी अनुभवी तांडेल आकाशाकडे एकवार पाहतो आणि होडीचे तोंड खाडीकडे वळवतो.

हंगामाच्या अखेरीचे हे दिवस विलक्षण शांत असतात. पर्यटकांची गर्दी ओसरू लागलेली असते, आणि खाडीच्या आत, डोंगराच्या कुशीत, पाणी आरशासारखे पडलेले असते. ज्यांनी वर्षभर धावपळ केली त्यांना या काळातील एखादी छोटी जलसफर आणि त्यानंतर निवाऱ्याच्या पाण्याकाठी काढलेले दोन-तीन निवांत दिवस किती उपकारक ठरू शकतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आरंभ मात्र समुद्रापासून थोड्या आत वसलेल्या एका शहरापासून करू.

विसरलेले बंदर

भिवंडी म्हटले की आज डोळ्यांपुढे यंत्रमाग, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात. हे गाव एकेकाळी बंदर होते, याची आठवण तेथील नव्या पिढीला क्वचितच असते. कामवारी नदीच्या काठी वसलेले हे गाव त्या नदीमार्गे उल्हासच्या खाडीशी, आणि खाडीमार्गे वसईजवळ अरबी समुद्राशी जोडलेले आहे. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणल्यानंतर याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराची पायाभरणी झाली. पोर्तुगीज कारागिरांचे कौशल्य वापरून येथे जहाजे बांधली गेली. उघड्या समुद्रावर न बांधता इतक्या आत येऊन जहाजे बांधण्यामागे अर्थ होता. आतल्या खाडीत लाटांचा मार नसतो, वादळाचे भय कमी असते आणि शत्रूला सहजी पोहोचता येत नाही. निवाऱ्याचे पाणी हे आरमाराचे पहिले भांडवल होते.

काल्हेर, कशेळी, अंजूर, खारबाव ही तालुक्यातील नावे आजही त्या खाडीकाठच्या जीवनाची साक्ष देतात. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई आणि वसई खाडी-उल्हास नदी हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित केला आहे. मात्र ज्या पाण्याने गावाला विसावा दिला, त्याच्याकडे गावाने पाठ फिरवली आहे. कामवारीच्या पात्रात आज सांडपाणी वाहते, आणि काठावर बसून घटकाभर पाणी पाहावे अशा जागा शोधाव्या लागतात. तिच्या जागी आला तो अखंड आवाज.

आवाज थांबत नाही तेव्हा

धोट्याचा यंत्रमाग चालू असताना त्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि एकाच छपराखाली असे अनेक माग चालत असतात. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. भिवंडीत बारा तासांची पाळी नवी नाही. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि दहा डेसिबल वाढले की दहापट. म्हणजे १०० डेसिबलच्या सान्निध्यात काढलेला एक तास कानांना ९० डेसिबलच्या दहा तासांइतका जड पडतो.

माग चालविणाऱ्या कामगाराइतकाच हा प्रश्न त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या कुटुंबाचाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घराला लागूनच कारखाना किंवा रात्रभर वाहता रस्ता असेल, तर ही मर्यादा कागदावरच राहते.

आपल्या कानाच्या आतल्या शंखाकृती भागात अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. मोठ्या आवाजात काही तास काढल्यावर कान बधिर झाल्यासारखे वाटतात, आत गुणगुण ऐकू येते, आणि रात्रीच्या शांततेनंतर बरे वाटते. याचा अर्थ त्या पेशी थकल्या होत्या आणि त्यांना सावरण्यास अवधी मिळाला. हा अवधी वारंवार नाकारला गेला तर त्या कायमच्या निकामी होतात. मानवी कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकणे हळूहळू जाते. प्रथम उंच पट्टीतील स्वर, पक्ष्यांची किलबिल, बोलण्यातील ‘स’ आणि ‘फ’ सारखी व्यंजने निसटू लागतात, आणि घरातील माणसे म्हणू लागतात की आजोबा हल्ली लक्ष देत नाहीत.

कानांपुरतेच हे थांबत नाही. झोपेतही मेंदू आवाजाची दखल घेतो. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी नाडीची गती वाढते, ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात, गाढ झोपेचा टप्पा तुटतो. वर्षानुवर्षे गोंगाटात राहणाऱ्यांमध्ये रक्तदाब आणि हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. ‘आम्हाला सवय झाली आहे’ असे आपण म्हणतो. सवय मनाला होते. रक्तवाहिन्यांना ती होत नाही.

म्हणून अशा शहरातील कुटुंबासाठी शांतता ही औषधाइतकीच आवश्यक बाब ठरते. ती कोठे आणि कशी मिळवावी, याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांच्या रीतीत सापडते.

निवाऱ्याचे पाणी

कोकणचा किनारा सरळ दिसत असला तरी तो खाड्यांनी जागोजाग कापलेला आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, आणि त्याहून दक्षिणेस वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. प्रत्येक खाडी होड्यांना आत घेते, पण प्रत्येकीचा स्वभाव निराळा. काही खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला असतो. ओहोटीच्या वेळी त्यावर लाटा फुटतात आणि आत शिरणे जोखमीचे होते. विजयदुर्गाचे वैशिष्ट्य असे की तेथे असा दांडा नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम बंदरांत त्याची गणना केली असून, कोणत्याही हवामानात आत येता येते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतही मोठ्या जहाजांना आसरा मिळतो, असे नमूद केले आहे. किल्ला आणि गिर्ये गावाकडील पठार नैर्ऋत्येचा मारा अंगावर घेतात आणि त्यांच्या पाठीशी पूर्वेस पाणी शांत राहते. मराठ्यांच्या आरमाराची गोदी याच गिर्ये परिसरात होती, यात नवल नाही.

चांगल्या निवाऱ्याच्या जागेची तीन लक्षणे दर्यावर्दी सांगतात. वारा आणि लाट अडविणारा आडोसा हवा, नांगर रुतेल असा चिखलाचा किंवा वाळूचा तळ हवा, आणि होडी वाऱ्याबरोबर फिरली तरी कोठे आदळणार नाही इतकी मोकळी जागा हवी. नांगर टाकण्याचीही एक रीत आहे. दोर आखूड आणि ताठ ठेवला तर नांगर वर उचलला जातो आणि सुटतो. पाण्याच्या खोलीच्या पाचपट ते सातपट लांबीचा दोर सैल सोडला, तर ओढ आडवी पडते आणि नांगर तळात अधिकाधिक रुतत जातो. खोली मोजताना भरतीचे पाणी धरावे लागते, ओहोटीचे धरून चालत नाही.

सुट्टीचेही असेच आहे. दोन दिवसांत सात ठिकाणे पाहण्याचा बेत म्हणजे आखूड दोर. अशा सहलीहून घरी परतलेले कुटुंब निघताना होते त्याहून अधिक थकलेले असते. एकच जागा निवडावी आणि वेळेचा दोर सैल सोडावा, म्हणजे विसावा रुततो.

खाडीतील एक दिवस

हंगामाच्या अखेरीस वाघोटणसारख्या खाडीत दिवस कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. पहाटे मतलई वाऱ्याची हलकी झुळूक असते. हीच सफरीची वेळ. लहान होडी शिडावर असेल तर यंत्राचा आवाज नाही; पाणी फळ्यांना लागून सरकते तेवढाच नाद. किल्ल्याची तटबंदी डाव्या-उजव्या हाताला ठेवीत, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन बाहेरच्या समुद्राची लांब लाट एकदा अंगाखाली घ्यावी आणि परत फिरावे. या दिवसांत त्यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

नऊ-साडेनऊनंतर ऊन चढते. होडी काठाशी येते, आणि खरा दिवस येथून सुरू होतो. काठावरील कांदळवनात खंड्या पक्षी एखाद्या फांदीवर निश्चल बसलेला दिसतो. अर्धा अर्धा तास तो हलत नाही, मग निळी रेघ ओढावी तसा पाण्यात सूर मारतो. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत असते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि बगळे उतरतात; गावातील बायका तिसऱ्या काढावयास वाकतात. दुपारी माडांच्या सावलीत कोकम सरबत, सोलकढी, ताडगोळे, करवंदे असा रानमेवा. चारच्या पुढे वायव्येचा वारा खाडीच्या बाहेर पाणी खवळवीत असतो. आत मात्र फक्त माडांचे शेंडे हलतात.

याच दिवसांत काठावर आणखी एक काम चालू असते. होड्या भरतीच्या पाण्यावर ओढून वर घेतल्या जातात, त्यांचे बूड खरवडले जाते, लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासून भरला जातो, तेल लावले जाते, आणि झावळ्या वा ताडपत्री घालून होड्या शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि समुद्राच्या रागाचाही. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मग नवा हंगाम सुरू होतो. या दोन महिन्यांत होडी रिकामी पडलेली दिसते. प्रत्यक्षात पुढील दहा महिने समुद्रावर टिकण्याची तिची तयारी याच काळात होते. खलाशांच्या हातांना आणि पाठीलाही या काळात उसंत मिळते.

अशा दिवसाचा शरीरावर काय परिणाम होतो? सकाळचा नैसर्गिक प्रकाश डोळ्यांत गेल्याने शरीराचे घड्याळ ताळ्यावर येते आणि रात्री वेळेवर झोप येते. दूरच्या क्षितिजाकडे पाहताना पडद्याला खिळलेल्या डोळ्यांचे स्नायू सैल होतात. लाटांचा आवाज एकसुरी आणि अपेक्षित असल्याने मेंदू त्याला धोका मानीत नाही. पाण्याच्या लयीबरोबर श्वास आपोआप संथ होतो. मिनिटास सहा-सातच्या गतीने काही वेळ श्वास घेतल्यास हृदयाची गती शांत करणारी मज्जासंस्था अधिक कार्यक्षम होते. आणि कानांतील त्या सूक्ष्म पेशींना सलग दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती मिळते. ज्यांच्या पेशी अद्याप मृत झालेल्या नाहीत, त्यांच्यासाठी ही विश्रांती मोलाची असते.

दूरच्या समुद्रावरील खंड्या

हा अनुभव केवळ आपल्याच किनाऱ्याचा नाही. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरकडे तो ओसरतो, गर्दी घटते, पाणी उन्हाळ्याची ऊब राखून असते, आणि शिडाच्या नौका बेटांच्या आडोशाला असलेल्या छोट्या उपसागरांत नांगर टाकून दिवसेंदिवस रेंगाळतात. आपल्याकडे हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि तेथे शरदात. पण अखेरच्या दिवसांतील निवांतपणाची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

ग्रीक लोकांची एक जुनी श्रद्धा अशी की हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे सात-सात दिवस समुद्र शांत राहतो, कारण त्या काळात खंड्या पक्षी आपली अंडी उबवीत असतो. आजही ऐन हिवाळ्यात येणाऱ्या स्वच्छ, उबदार दिवसांना तेथे खंड्याच्या नावाने ओळखतात. ओडिसी महाकाव्यात वीस वर्षे घरापासून दूर राहिलेला नायक अखेर आपल्या इथाका बेटावर पोहोचतो तो गाढ झोपेत. ज्या बंदरात त्याला उतरविले जाते, त्याचे वर्णन कवीने वारा-लाटांपासून सुरक्षित, दोराशिवायही नौका स्थिर राहतील असे केले आहे. सुरक्षित पाणी आणि निर्धास्त झोप यांचा संबंध माणसाला फार पूर्वीच उमगलेला होता.

आपल्या काळातील उदाहरणही जवळचेच आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबले. पुढे ‘तारिणी’वरील सहा महिला अधिकाऱ्यांची तुकडी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी परतली, आणि त्याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघून २९ मे २०२५ रोजी परतल्या. तिन्ही प्रवासांचा शेवट मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर झाला. जगातील सर्वांत खवळलेले महासागर ओलांडणाऱ्या या माणसांनीही वाटेत कोठे थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरविले होते. थांबा हा त्यांच्या बेताचा भाग होता. अंगावर आलेली आपत्ती नव्हे.

शेवटच्या दिवसांचे भान

हंगामाच्या अखेरीचा समुद्र सुंदर असतो तसाच फसवाही असतो. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मुंबईपासून दूर समुद्रातील ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड किनाऱ्यावर धडकले होते. म्हणून अखेरच्या दिवसांत सफरीस निघणाऱ्या कुटुंबाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा यांचा हंगाम साधारणतः २५ मे रोजी संपतो आणि १ सप्टेंबरपर्यंत बंद राहतो. त्यानंतर कोणी ‘चला, सोडतो’ म्हणाले तरी होडीत पाय ठेवू नये. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावर लावलेला बावटा पाहावा.

२. प्रत्येकाच्या अंगावर, पोहता येणाऱ्याच्याही, जीवरक्षक जाकीट असावे. मुलांचे जाकीट त्यांच्या मापाचे हवे. मोठ्यांचे सैल जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जाते.

३. भरती-ओहोटीचा अंदाज घ्यावा. जुना ढोबळ हिशोब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जबर असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी सौम्य असते. वृद्ध आणि मुले बरोबर असतील तर हेच दिवस निवडावेत. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या तोंडाशी पोहण्यास कधीही उतरू नये.

४. मे महिन्यातील दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. दहा ते चार या वेळेत सावलीत राहावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, मीठ-साखरेचे पाणी घेत राहावे. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे बोलणे, अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णास सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

५. होडी लागणे हा आजार नव्हे. कानातील तोलाचा अवयव हालचाल सांगतो आणि डोळे स्थिर होडी पाहतात, या विसंगतीतून ती मळमळ येते. होडीच्या मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलकडे पाहू नये, पोट रिकामे किंवा तुडुंब असू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकांना आराम पडतो. औषध घ्यावयाचे असल्यास डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावे.

६. हृदयविकार, अपस्मार, तोल जाण्याचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी होडीत बसण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या जलरोधक पिशवीत, स्वतःजवळ ठेवाव्यात. अशांना काठावर बसूनही खाडीचा बहुतेक सारा लाभ मिळतो.

भिवंडीहून जाणाऱ्यांसाठी वाट सोपी आहे. भिवंडी रोड स्थानकाहून दिवा, आणि दिव्याहून सावंतवाडीची गाडी. विजयदुर्गासाठी राजापूर रोड किंवा वैभववाडी रोडला उतरून पुढे एसटी वा रिक्षा. इतका वेळ नसेल तर २०२४ पासून सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो बोट आहे. खाडी ओलांडण्यास फार वेळ लागत नाही, पण पाण्यावरचा वारा अंगावर येतो, आणि वसई किल्ल्याच्या परिसरात एक अख्खी सकाळ घालविता येते. ही तीच खाडी आहे जी वर भिवंडीच्या दारापर्यंत येते.

घरातील नांगर

मोठ्या सुट्टीचा लाभ काही आठवड्यांतच ओसरतो, असे या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. वर्षातून एकदा चार दिवस खाडीकाठी राहून उरलेले दिवस गोंगाटात काढले, तर शरीराचा हिशोब जुळत नाही. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा असते. विसाव्याची भरतीही रोज यावयास हवी.

त्यासाठी कुटुंबाने मिळून काही नेम ठरवावेत. दूरचित्रवाणी, मोबाइल, मिक्सर यांपैकी काहीही चालू नसेल असा एक तास रोज घरात असावा. रात्री जेवणानंतरचा सर्वांत बरा. कारखान्यात काम करणाऱ्याने कानांत बोळे किंवा कानांवर टोप्या वापराव्यात. त्या नीट बसविल्या तर आवाज बराच घटतो, आणि वापर पाळीभर हवा. अर्धा वेळ काढून ठेवल्यास त्यांचा बहुतेक उपयोग निघून जातो. वर्षातून एकदा श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी. तशी सोय जिल्हा रुग्णालयांत आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे असते. पाळी संपल्यावर थेट अंथरुणावर पडण्यापूर्वी दहा मिनिटे गच्चीवर वा अंगणात शांत बसावे आणि श्वास संथ होऊ द्यावा. झोपण्याची खोली शक्य तर रस्त्याच्या किंवा कारखान्याच्या विरुद्ध बाजूची निवडावी. खिडकीला जाड पडदा आणि फटींना रबरी पट्टी लावली तरी फरक जाणवतो. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी खरेदी, लग्नकार्ये आणि दुरुस्त्या यांतून निदान एक सकाळ मोकळी ठेवावी.

यापलीकडे एक सामाजिक कामही आहे. ज्या गावाच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली, त्या गावातील मुलांना पाण्याकाठी बसण्यासाठी दोनशे-तीनशे किलोमीटर जावे लागू नये. कामवारीचे पात्र स्वच्छ झाले, काठावर झाडे आणि चार बाके आली, कांदळवन राखले गेले, तर विसाव्याची जागा घराजवळच तयार होईल. महानगरपालिकेच्या योजना, नागरिकांचे गट, शाळांचे उपक्रम यांतून हे घडू शकते, आणि त्याचा लाभ रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खर्चातही दिसेल.

तोवर, कॅलेंडरमध्ये मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातील अष्टमीच्या आसपासचे तीन दिवस आजच खूण करून ठेवावेत. पुढील वर्षीच्या कामांची यादी करताना इतर साऱ्या गोष्टी त्या तीन दिवसांच्या अलीकडे किंवा पलीकडे लिहाव्यात.